देवीच्या भुवईवरचा फ्लॅश

लग्नानंतरच्या पहिल्याच मंगळवारी सासूबाई मला देवीच्या पाया पडायला घेऊन गेल्या. माणच्या आमच्या घरामागून निघायचं, दोन बांध ओलांडायचे, की करंजाच्या झाडाखाली ती होती. ती म्हणजे गुडघ्याएवढा एक दगड. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून त्याला टेंगळं आली होती. ना डोळे, ना नाक. मी नगरकडची. आमच्याकडेही शेंदराचे दगड पुष्कळ, पण त्यांना निदान चांदीचे डोळे तरी चिकटवलेले असतात. मी विचारलं, "आत्या, हिला तोंड कुठंय?"

सासूबाई हातातला शेंदूर तेलात कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्वांड कशाला पायजे? तिनं आपल्याला वळखलं म्हंजे बास. आपण तिला वळखायचं काय काम?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. देवभोळी नव्हते, आजही नाही. पण हे उत्तर मला पटलं. नव्या घरात पटलेली ती पहिली गोष्ट.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत करंजाचं झाड, दोन्ही बांध आणि आमच्या भावकीची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली. देवी उचलून रस्त्याकडेला आणली. तिला नवं देऊळ बांधलं. आत-बाहेर पांढऱ्या चकचकीत फरशा, अगदी न्हाणीघरात लावतात तशा. देवळाचं मंडळ झालं आणि मंडळाचे अध्यक्ष झाले माझे चुलत दीर. तोवर ते मळक्या बनियनवर गोठ्यात वावरणारे गृहस्थ होते. अध्यक्ष झाल्याच्या आठवड्यात त्यांनी पांढरे कडक कपडे शिवून घेतले, आणि त्यानंतर त्यांना कोणी वाकलेलं पाहिलं नाही, देवीपुढेसुद्धा. इस्त्री मोडायची.

त्यांची एक तक्रार होती. गावात आता भाडेकरू आले होते. कोणी नांदेडचे, कोणी अमरावतीचे, सगळे कंपनीत जाणारे. आमच्या दिरांनीही गोठा पाडून खोल्या काढल्या होत्या. "वहिनी, ह्या लोकांना आपली देवी कळतच न्हाई," ते म्हणाले. "दगड बघत्यात आन्‌ पुढं जात्यात. परवा एकानं तर तिला टेकून हेल्मेट ठेवलं. एक झ्याक फोटू पायजे."

फोटो हवा, तर आधी चित्र हवं. उरवड्याच्या बाजूला एक पेंटर होता. कारखान्यांच्या भिंतींवर 'आत येण्यास सक्त मनाई आहे' वगैरे रंगवायचा आणि टेम्पोंच्या मागे मोर काढायचा. त्याला बोलावलं. तो प्रामाणिकपणे सासूबाईंकडे चौकशीला आला, कारण देवी त्यांच्या अंगात यायची.

"मावशी, कशी दिसती ती? काय तरी सांगा."

"आंगात आल्याव मला मीच दिसत न्हाई. ती कुटली दिसायची?"

मग पेंटरने आपल्याच मनाने काढली. प्लायवूडच्या मोठ्या तुकड्यावर, ऑइलपेंटने. चित्र काही थोर नव्हतं. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला होता. पण बाई काढली होती काळीसावळी, रुंद जबड्याची, हिरव्या लुगड्यातली. हातात कोयता. पायाशी बोकड, कारण आमच्या देवीला बोकड लागतो हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ती अशी बघत होती, की आपण उशिरा आलोय आणि कुठं होतीस एवढा वेळ असं ती आता विचारणार. भात लावणीला वाकलेल्या बायांत उभी केली असती तर वेगळी ओळखू आली नसती.

सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं. "बाई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पर ही ती न्हवं."

चित्र देवळाच्या भिंतीवर चढलं आणि फोटो काढायला मारुंजीहून लग्नांचे फोटो काढणारा माणूस आला. शाळेला सुट्टी होती, मी नैवेद्य घेऊन गेले होते. नव्या ऑइलपेंटचा पृष्ठभाग आरशासारखा चमकत होता आणि हा माणूस बरोबर समोर उभा राहून कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवत होता. परावर्तनाचा धडा मी दरवर्षी शिकवते. मला राहवलं नाही.

"अहो, जरा तिरपे उभे राहा. समोरून मारलात तर फ्लॅश उलटा फिरून कॅमेऱ्यात येईल."

"मॅडम," तो म्हणाला, "आमी मोठमोठी लग्नं काढलीत." आणि समोरूनच मारला.

फोटो धुऊन आले. देवीच्या डाव्या भुवईच्या वर पांढराफेक, कडेला पिवळसर असा एक ठिपका उमटला होता. फ्लॅश, दुसरं काही नाही. फोटोच्या मापात बसवताना खालचा भाग कापला गेला होता, त्यात बोकड गेला आणि कोयत्यासकट हाताची बोटंही गेली, नुसता पुढे केलेला हात उरला, त्यामुळे ती उगाच आशीर्वाद देत असल्यासारखी दिसत होती. लॅबवाल्याने नवरीचा फोटो करतात तशी तिची कातडी उजळवून दिली होती. काळीसावळी बाई गव्हाळ होऊन आली होती.

मी म्हटलं, "हा फोटो परत काढा."

अध्यक्षांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. "कशाला? लई भारी आलाय. आन्‌ जत्रा तोंडावर आलीया."

चैत्रातल्या जत्रेत त्या फोटोच्या प्रती वाटल्या. लॅमिनेशन केलेल्या, कोपरे गोल कापलेल्या. आठवडाभरात ती टेम्पोच्या काचेवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आणि भाड्याच्या खोल्यांच्या दारांवर दिसायला लागली. दगडाला टेकून हेल्मेट ठेवणारे लोक आता रस्त्यातून जाताना छातीला हात लावायला लागले. दगड तोच, देऊळ तेच. गुळगुळीत कागद आला आणि श्रद्धा आली.

ठिपक्याला 'ज्योत' कोणी आधी म्हटलं ते मला माहीत नाही. पण एकदा म्हटलं, की ती ज्योतच. भावकीच्या एका जेवणावळीत बायका ज्योतीचं बोलत होत्या. कोणाला ती संध्याकाळी मोठी दिसायची, कोणाला संकटाच्या आधी तांबूस. मी वाढता वाढता म्हणाले, "तो कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे. मी तिथं उभी होते."

दीर हसले. असं हसले, जसं मोठी माणसं लहान मुलांच्या मूर्खपणाला हसतात.

"वहिनी, तुमी शिकलेल्या हाय, म्हनून तुमाला दिसत न्हाई."

मला वाटलं होतं, गावातले नाही तर नाही, शिकलेल्यांना तरी पटेल. ती भाबडी समजूत आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने घालवली. अमरावतीकडची मुलगी, नवरा-बायको दोघंही इंजिनीअर. एके रविवारी ती फोटो घेऊन खाली आली.

"मॅडम, हे लेफ्ट साइडलाच का आहे माहितीये? लेफ्ट म्हणजे चंद्रनाडी. मून एनर्जी. आपले पूर्वज काय सायंटिफिक होते ना!"

मी तिला समजावून सांगितलं. कागदावर आकृती काढली. आपाती किरण, परावर्तित किरण, कॅमेरा. तिला सगळं माझ्याइतकंच येत होतं. मग म्हटलं, "देवळात जा आणि मूळ चित्र बघ. त्यात ठिपका नाहीये." ती खरंच गेली. मला बरं वाटलं. अर्ध्या तासात परत आली, डोळे मोठे करून.

"मॅडम, खरंच पेंटिंगमध्ये नाहीये! म्हणजे बघा ना, माणसाच्या हाताला जे काढता आलं नाही ते कॅमेऱ्यात कॅप्चर झालं!"

तिने तो फोटो स्कॅन करून ऑफिसातल्या सगळ्यांना ई-मेलने पाठवला. खाली लिहिलं होतं, पुढे पाठवल्यास आठवड्यात शुभवार्ता मिळेल. सहा महिन्यांनी माझ्या नगरच्या भावाने मला विचारलं, "तुमच्या तिकडची ती ज्योतवाली देवी जागृत आहे म्हणे?"

आता बाहेरगावची माणसं दर्शनाला यायला लागली. घरून फोटो घेऊन यायची, देवळात भिंतीवरचं चित्र बघायची आणि तोंड पाडायची. ही काळी कोण? ज्योत कुठंय? हा बोकड कशाला? तक्रारी वाढल्या. मंडळाची बैठक बसली आणि बैठकीत ठरलं, की चित्र चुकलेलं आहे.

मी हे गमतीने लिहीत नाही. ज्या चित्राचा फोटो काढला ते चित्र फोटोशी जुळत नाही, म्हणून चुकीचं ठरलं.

पेंटरला परत बोलावलं. शनिवार होता. माझी सकाळची शाळा सुटून मी घरी चालले होते आणि देवळात आवाज ऐकून थांबले. पेंटर चित्रापुढे उभा होता, हातात ब्रश नव्हता. अध्यक्ष लॅमिनेशनची प्रत त्याच्या नाकापुढे नाचवत होते.

"अशी कर. बरोब्बर अशी."

"आवो, पण हा फोटू माझ्याच चित्राचा हाय ना?"

"व्हय. मंग?"

"मंग चित्र खोटं कसं काय?"

"फोटू खोटं बोलतो का? कॅमेऱ्याला काय पडलंय खोटं बोलायचं?"

पेंटरने एकदा आपल्या चित्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सामान उचलून निघून जाईल. मी मनातल्या मनात त्याला तसं सांगतही होते. त्याने प्रत हातात घेतली, डोळ्याजवळ नेली आणि विचारलं, "ज्योत पांढरी ठिवू का सोनेरी?"

दोन दिवसांत त्याने बाई गोरी केली. जबडा अरुंद केला. बोकडावर कमळं आली. भुवईच्या वर सोनेरी किरणांचा फुलोरा बसला. कोयता पुसून रिकामा हात आशीर्वादाला वर केला. ती आता कोणालाही काही विचारणार नव्हती. औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर असते तशी, कुठेही न बघता हसत होती. पेंटरला त्यानंतर आसपासच्या गावांतून देवळांची कामं मिळायला लागली. पुढे मी त्याला कोणाला तरी सांगताना ऐकलं, की पहिल्यांदा चित्र काढतानाच त्या जागेवर त्याचा ब्रश थरथरायचा. मला पाहून तो जरा अडखळला, पण थांबला नाही.

मग फोटोवरून चांदीचा मुखवटा घडवला. भुवईवर पांढरा खडा बसवला. मुखवटा दगडावर चढला तो कायमचा. पगारी पुजारी आला. पुढच्या मंगळवारी सासूबाई नेहमीसारख्या तेल-शेंदूर घेऊन गेल्या, तर तो म्हणाला, "आजी, चांदी काळी पडते. लांबून हात जोडा." सासूबाई वाटी तशीच घेऊन परत आल्या. वाटीतला शेंदूर त्यांनी आमच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या एका धोंड्याला फासून टाकला आणि हात धुतले.

मलाच राग आला. माझं हत्यार एकच, वर्ग. परावर्तनाच्या धड्याला मी तो फोटो नेला आणि विचारलं, "हा उजेड कुठून आला?" पहिल्या बाकावरची मुलगी पटकन उठली, "बाई, देवीतून." मी पुन्हा सगळं समजावलं, त्यांच्याकडून आकृती काढून घेतली. त्याच मुलीने परीक्षेत आपाती कोन आणि परावर्तन कोन अचूक लिहिले. जत्रेला ती डाव्या भुवईवर पांढरी टिकली लावून भेटली. तेव्हा ती फॅशनच निघाली होती. मारुंजीच्या दुकानांत 'देवीची टिकली' म्हणून पाकिटं मिळायची. धडा तिला पूर्ण समजला होता. तो तिने वहीत ठेवला होता आणि देवी कपाळावर.

वर्गातल्या फोटोची बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. ते शाळेच्या समितीवरही होते, तेवढे कपडे शिवल्यावर कुठेकुठे तरी जावंच लागतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि फार नम्रपणे सांगितलं, "बाई, पुस्तकात आरसा आहे. आपण आरशानेच शिकवू या."

त्यानंतर एका पावसाळ्यात माझ्या मुलीला कावीळ झाली. बरेच दिवस ती अंथरुणाला खिळून होती. सासूबाईंनी बोकडाचा नवस बोलला. मुलगी बरी झाली ती डॉक्टरमुळे, हे मी म्हणाले. "त्याची फी दिली ना? मंग हिची बी द्यायची," सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः पौडच्या बाजाराला जाऊन बोकड घेऊन आल्या आणि दोरी धरून थेट देवळात गेल्या. मागे मी.

अध्यक्ष पायरीवरच होते. "काकी, हितं न्हाई चालायचं. देवी शाकाहारी हाय."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. फोटूत बगा की. बोकड हाय का कुटं?"

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोटूत तुझा बाप बी न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून तू काय आबाळातनं पडलास व्हय रं?"

दर्शनाच्या रांगेतली बाहेरगावची माणसं हसली. दिरांची इस्त्री तशीच राहिली, चेहरा मात्र चुरगळला. पण पुजाऱ्याने दार लोटून घेतलं होतं. बोकड आमच्या अंगणात कापला, जुन्या करंजाच्या दिशेला तोंड करून. तिकडे आता कंपनीची काचेची इमारत होती. भावकी जेवायला आली. अध्यक्ष आले नाहीत, पदाचा मान असतो. दिवेलागणीला त्यांची बायको डबा घेऊन मागच्या दाराने आली. "रस्सा जरा जास्त घाला," ती म्हणाली, "त्यांना कोरडं आवडत न्हाई."

मी डबा भरून दिला. इतकं समाधान मला त्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं. माझा समज झाला, की निदान आमच्या घरात तरी आम्ही दोघी जिंकलो आहोत.

दोन हजार नऊच्या सुमारास सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं. रस्ता तोवर इतका वाहता झाला होता, की देवळापर्यंत खुर्चीवरूनही नेता येत नव्हतं. एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "पोरी, तिचा एक फोटू आन. हितं समोर लाव."

मी हात थांबवला. "आत्या, तुम्हीच म्हणाला होतात, ती ही नाही म्हणून."

"म्हनले हुते."

"मग? तुम्ही डोळे मिटा. तुम्हाला दगड आठवेल, करंज आठवेल."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. माझ्यासाठी नाही, खरोखर शोधत असल्यासारखे. मग उघडले. "दगुड दिसत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "लई दिस झालं. डोळं झाकलं की तीच येती, गोरी. भुवईवर उजेड घेऊन. काय करू? जी येती तिलाच हात जोडायचं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याचाच मला संताप आला. दिरांचा आला, पेंटरचा आला, वरच्या भाडेकरणीचा आला. त्या मारुंजीच्या माणसाचा तर फारच आला. तिरपा उभा राहिला असता तर काय बिघडलं असतं? पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांच्या आतसुद्धा त्याचा फ्लॅश उडत होता.

दुसऱ्या दिवशी मी देवळाबाहेरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "लायटीचा देऊ का बिनलायटीचा?" लायटीच्या फोटोत भुवईवर बारीक बल्ब होता, बटण दाबलं की लुकलुकायचा. मी बिनलायटीचा मागितला. त्याने कीव केल्यासारखं पाहिलं आणि कागदात गुंडाळून दिला.

घरी येऊन पलंगासमोरच्या भिंतीवर मी खिळा ठोकला आणि फोटो अडकवला. सासूबाईंनी मान जराशी कलती केली. "डाव्या अंगाला उतरतुया," त्या म्हणाल्या. मी सरळ केला. त्यांनी हात जोडले, ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या आणि मग मला म्हणाल्या, "आता चा टाक."

मी हात जोडले नाहीत. चहा टाकला. त्यांच्या कपात साखर जास्त लागते, ती घातली.